लेहमधल्या ब्रॉयलरना प्रोबायोटिक द्यावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेहजवळच्या एका गावात महिला बचत गट दरवेळी दोनशे ब्रॉयलर पिल्ले वाढवतो. पिल्ले खालच्या मैदानी भागातून विमानाने येतात. पहिले तीन आठवडे सगळे ठीक असते. चौथ्या आठवड्यापासून चांगले वाढलेले पक्षी पोट फुगून, तुरा निळा पडून मरू लागतात. दुकानदाराने प्रोबायोटिकची, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवंत जंतूंची, पावडर सुचवली आहे. नोकरीनिमित्त तिथे राहणाऱ्या आणि गटाला मदत करणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारले आहे की ती पावडर द्यावी का, कोणती, किती, कशातून, आणि घरचे दही-ताक चालेल का.

पावडर द्यायला हरकत नाही, मी स्वतः देईन. मात्र पोटात पाणी होऊन मरणारे पक्षी त्या पावडरीने वाचतील, या अपेक्षेने देऊ नका. तुम्ही वर्णन केलेला आजार आतड्याचा नाही. तो फुप्फुस आणि हृदयाचा आहे, आणि त्याच्या मुळाशी लेहची हवा आहे. हे नीट समजले नाही तर गटाचे पैसे पावडरीवर जातील आणि मरतूक तशीच राहील, म्हणून आधी तेच सांगतो.

लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी. माणूस किंवा मेंढी खोल श्वास घेऊन यातला काही भाग भरून काढते. कोंबडीला ते फारसे जमत नाही. तिची फुप्फुसे बरगड्यांना आतून चिकटलेली असतात, आपल्यासारखी फुगत नाहीत, आणि त्यांतल्या बारीक रक्तवाहिन्याही फारशा ताणल्या जात नाहीत. आता ब्रॉयलरचा वेग बघा. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचे पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाते. एवढे मांस तयार करायला लागणारा ऑक्सिजन मिळवण्यासाठी हृदय जास्त रक्त फुप्फुसात ढकलते. ऑक्सिजन कमी पडला की शरीर तांबड्या पेशी वाढवते, रक्त दाट होते, आणि दाट रक्त अरुंद वाहिन्यांतून ढकलायला आणखी जोर लागतो. हृदयाचा उजवा कप्पा आधी जाड होतो, मग सैल पडतो, त्याची झडप गळू लागते. रक्त मागे यकृतात तुंबते आणि यकृताच्या पृष्ठभागावरून पाण्यासारखा द्रव पोटात झिरपतो. हाच जलोदर, ज्याला पशुवैद्यक अ‍ॅसायटिस म्हणतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. सगळ्यात आधी मरतात ते सर्वांत चांगले वाढणारे पक्षी, आणि त्यांतही नर जास्त. चौथा आठवडा उजाडेपर्यंत सगळे ठीक दिसते, कारण हृदय तोवर ओझे पेलत असते.

हा आजार पूर्वी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उंच भागातला म्हणून ओळखला जाई. पुढे ब्रॉयलरची वाढ वेगवान होत गेली तसा तो मैदानातही दिसू लागला. महाराष्ट्रातही कडाक्याच्या थंडीत पडदे घट्ट बंद करून ब्रूडिंग केले, म्हणजे पिल्लांना ऊब दिली, की काही शेडमध्ये पोटात पाणी झालेले पक्षी सापडतात. कारण तेच, फक्त तिथे ऑक्सिजनची टंचाई माणसाने केलेली असते. (महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे. तिथल्या अनुभवावरून लेहचा अंदाज बांधू नका.)

मग प्रोबायोटिकचा संबंध कुठे येतो? तो आतड्याच्या बाजूने येतो, आणि तो खराही आहे. थंडी आणि ऑक्सिजनची कमतरता असताना शरीर हृदय-मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळते आणि आतड्याला रक्त देताना हात आखडते. आतड्याचे अस्तर कमकुवत झाले की ई. कोलायसारख्या जंतूंच्या आवरणातली विषारी द्रव्ये रक्तात शिरतात. ती यकृतावर ताण आणतात आणि फुप्फुसातल्या वाहिन्या आकुंचित करतात. म्हणजे ज्या वाहिन्यांवर आधीच दाब आहे, त्या आणखी अरुंद होतात. दुसरा धागा अमोनियाचा. नीट न पचलेली प्रथिने आतड्याच्या शेवटच्या भागात कुजतात, तिथे अमोनिया तयार होतो, काही रक्तात जातो, काही विष्ठेतून शेडच्या हवेत येतो. चांगले जंतू आतड्यात आम्ल तयार करून कुजवणाऱ्या जंतूंना आळा घालतात आणि अस्तर सुधारतात, म्हणजे दोन्ही धाग्यांवर थोडा थोडा आराम मिळतो. तो थोडाच, पण लेहमध्ये थोड्याचीही किंमत आहे.

लेहमधल्याच डीआरडीओच्या उच्च उंचीवरील संशोधन संस्थेने, म्हणजे डिहारने, तिथल्या वातावरणात ब्रॉयलरना पूरक खाद्य देऊन पाहण्याचे बरेच काम केले आहे. सीबकथॉर्न या काटेरी झुडपाच्या पानांचा अर्क आणि जर्दाळूच्या बियांचा अर्क यांवरचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध झालेले आहेत. गटाला कोणताही प्रश्न पडला तर आधी त्या संस्थेकडे आणि लेहच्या कृषी विज्ञान केंद्राकडे जा. मैदानातल्या कंपनीच्या प्रतिनिधीपेक्षा त्यांना तुमची हवा जास्त माहीत आहे.

आता पावडर कोणती ते. बाजारात साधारण तीन जातींचे जंतू मिळतात. लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस, एंटेरोकॉकस हे लॅक्टिक आम्ल करणारे जंतू. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स हे बीजाणू, म्हणजे टणक कवचातले सुप्त रूप, धरणारे. आणि सॅकरोमायसिस हे यीस्ट. खाद्यातून रोज द्यायचे असेल तर माझी निवड नि:संशय बॅसिलस. त्याचे बीजाणू कोरडेपणा, गोठणे आणि पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) बनवतानाची ८० अंशांच्या वरची उष्णता सहन करतात. लॅक्टोबॅसिलस एवढ्या उष्णतेत मरतो. त्यामुळे पेलेट खाद्याच्या पोत्यावर ‘प्रोबायोटिकयुक्त’ असे छापलेले असेल तर आत कोणता जंतू आहे ते वाचा. नाव दिलेले नसेल तर त्या शब्दाला काही अर्थ नाही.

पुडक्यावर आणखी एक आकडा शोधा, दर ग्रॅममध्ये जिवंत जंतू किती, म्हणजे सीएफयू. खाद्याच्या दर किलोला १० कोटी ते १०० कोटी सीएफयू ही वापरातली मर्यादा आहे. समजा पुडक्यावर ग्रॅमला १०० कोटी लिहिले आहे. मग टनाला ५०० ग्रॅम टाकले की किलोला ५० कोटी होतात, आणि ५० किलोच्या पोत्याला ते २५ ग्रॅम. हे २५ ग्रॅम पोत्यात वरून भुरभुरवू नका. आधी किलोभर मक्याच्या भरड्यात मिसळा, ते दहा किलोत, मग सगळ्या पोत्यात. अन्यथा एका पक्ष्याला चिमूटभर आणि दुसऱ्याला शून्य अशी गत होते. शिफारशीच्या दुप्पट टाकल्याने दुप्पट फायदा होत नाही, तेव्हा हात सैल सोडू नका.

लेहची एक अडचण मैदानातल्या माणसाला सुचत नाही. हिवाळ्यात खिंडी बंद होणार म्हणून खाद्याची पोती उन्हाळ्यातच भरून ठेवतात. पाच-सहा महिने पडून राहिलेल्या खाद्यात अ आणि ई जीवनसत्त्वे कमी होतात, तेल खवट होते, आणि आधीच मिसळलेले लॅक्टोबॅसिलस जिवंत राहण्याची शक्यता फारच कमी असते. म्हणून प्रोबायोटिक आणि जीवनसत्त्वांचे मिश्रण वेगळे, हवाबंद पुडक्यात आणा आणि आठवड्याला लागेल तेवढ्याच खाद्यात मिसळा. साठवणीला तिथली थंडी आणि कोरडी हवा अनुकूलच आहे. घात होतो तो बुखारीशेजारी, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीशेजारी, पुडके उघडे ठेवल्याने, जिथे ते रोज तापते, निवते आणि वाफ धरते.

पहिल्या तीन दिवसांकडे मात्र मी सगळ्यात जास्त लक्ष देईन. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या आतड्यात जंतू नसल्यातच जमा असतात. कोंबडीखाली उबवलेल्या पिल्लाला आईच्या विष्ठेतून, पिसांतून तिचे जंतू मिळतात. यंत्रात उबवलेल्याला ते मिळत नाहीत. रिकामी जागा जो आधी येईल तो बळकावतो. फिनलंडमध्ये साल्मोनेलाची साथ आल्यावर नुर्मी आणि रंताला यांनी १९७३ साली हेच दाखवले. मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातले जंतू पिल्लांना पाजले की साल्मोनेलाला जागाच उरत नाही. तुमची पिल्ले तर हॅचरीतून निघून, गाडीतून, विमानतळावर थांबून, विमानातून उपाशी येतात. लेहला उतरल्यावर त्यांना मिळणारा पहिला घोट हाच खरा मोका आहे. या तीन दिवसांत पाण्यातून लॅक्टोबॅसिलस असलेली, पाण्यात विरघळणारी पावडर द्या आणि खाद्यात बॅसिलस चालू करा.

पाणी कोमट असावे, साधारण २० ते २५ अंश. किटलीतले उकळते पाणी ओतून ‘गरम करून’ देऊ नका, लॅक्टोबॅसिलस त्यात मरतो. टँकरचे पाणी क्लोरीन टाकून आले असेल तर उघड्या बादलीत दिवसभर राहू द्या, किंवा लस देताना करतात तसे लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर टाकून अर्ध्या तासाने प्रोबायोटिक मिसळा. पिल्ले दोन-तीन तासांत संपवतील एवढेच पाणी एका वेळी करा, कारण हिवाळ्यात उरलेले पाणी गोठते. पनामिक किंवा चुमाथांगसारख्या गरम झऱ्यांच्या परिसरातले पाणी वापरत असाल तर त्यातले क्षार तपासून घ्या. पाण्यात सोडियम जास्त असले तर तेवढ्यानेही पोटात पाणी होते, आणि तिथे प्रोबायोटिक काहीच करू शकत नाही.

प्रतिजैविकाबरोबर प्रोबायोटिक देणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटणे. तरी हे सर्रास घडते, कारण पिल्ले आली की पहिले पाच दिवस ‘खबरदारी म्हणून’ औषध देण्याची पद्धत पडली आहे. ती पद्धत सोडा. कोलिस्टिन तर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला भारतात २०१९ पासून बंदी आहे; जुन्या साठ्यातला डबा कोणी देऊ केला तरी घेऊ नका. खरा संसर्ग असेल आणि पशुवैद्यकाने प्रतिजैविक दिले असेल, तर ते पूर्ण होऊ द्या आणि संपल्यावर आठवडाभर प्रोबायोटिक पाण्यातून द्या. त्या काळात काही द्यायचेच असेल तर यीस्ट चालते, त्यावर जिवाणूंच्या औषधाचा परिणाम होत नाही. तयार खाद्यात रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असेल तर तुमची बॅसिलसची पावडर त्याच्याबरोबर टिकते का, हे कंपनीकडून लेखी मागा.

आता प्रोबायोटिकच्या आधी करायचे काम. मरतूक खरी कमी होईल ती यातून.

सगळ्यात वर बुखारी. तिथे थंडी उणे वीसच्या खाली जाते, त्यामुळे फटी बुजवणे, प्लॅस्टिक लावणे, दार बंद ठेवणे हे साहजिक आहे. पण बंद खोलीत बुखारी जळते तेव्हा ती त्याच खोलीतला ऑक्सिजन खाते, आणि धुराडे नीट नसेल तर कार्बन मोनॉक्साइड सोडते. तो वायू रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकदच अडवतो. आधीच दोन तृतीयांशावर आलेल्या पक्ष्याला हे दुसरे संकट झेपत नाही, आणि शेडमध्ये झोपणाऱ्या माणसालाही नाही. धुराडे छताबाहेर गेलेच पाहिजे. जमल्यास बुखारी शेजारच्या खोलीत ठेवून गरम हवा आत घ्या. छताजवळ एक फट कायम उघडी ठेवा, रात्रीसुद्धा. उष्णता थोडी वाया जाईल, तेवढे इंधन जास्त जाळा. डोळे चुरचुरले तर अमोनिया फार झाला, लिटर म्हणजे खाली अंथरलेला भुसा बदला. लेहमध्ये हवा कोरडी असल्याने लिटर फारसे ओले होत नाही, पण धूळ फार उडते, आणि धुळीने भरलेले फुप्फुस कमीच ऑक्सिजन घेते. ब्रूडरजवळ पाण्याचे पसरट भांडे ठेवल्याने पिल्लेही कमी सुकतात.

उष्णता कमी पडू देऊ नका, हेही तितकेच. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश हवे, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी. थंडी वाजणारे पिल्लू अंग तापवण्यासाठी ऑक्सिजन जाळते, म्हणजे तेच ओझे दुसऱ्या दाराने आत येते.

तिसरे, वाढीला लगाम. हे गटाच्या बायकांना पटवणे अवघड जाईल, कारण लवकर वजन म्हणजे लवकर पैसे. तरी आठव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत पेलेटऐवजी भरडा द्या आणि रात्री सहा-सात तास अंधार करून खाद्य बंद ठेवा. शेड उबदार असेल तरच हे करा. थंडीत उपाशी ठेवलेला पक्षी दुहेरी मरतो. या दोन आठवड्यांत वाढ थोडी मागे पडते, नंतर बरीचशी भरून निघते, आणि हृदयाला तयार व्हायला वेळ मिळतो. जोडीला किलोला ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग अनेक ठिकाणी झाला आहे आणि तो मला प्रोबायोटिकइतकाच उपयोगी वाटतो.

आणि खरे विचाराल तर ब्रॉयलर हाच पक्षी गटासाठी योग्य आहे का, हेही बघा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा वनराजा किंवा चंदीगडच्या केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचा चॅब्रो वजनाला ब्रॉयलरइतका पटकन भरत नाही, पण त्याच कारणाने तो अशा हवेत कमी दगावतो. वनराजा अंडीही देतो. तिथल्या हिवाळ्यात ताज्या अंड्याला मिळणारा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.

मरणारा प्रत्येक पक्षी फाडून पाहायला पशुवैद्यकाला सांगा, किंवा त्यांच्याकडून एकदा शिकून घ्या. पोटात पिवळसर, पारदर्शक पाणी आणि जेलीसारख्या गुठळ्या, हृदयाचा उजवा भाग मोठा व लोंबणारा, असे असेल तर अ‍ॅसायटिस. दोन्ही खालचे कप्पे मिळून जेवढे वजन, त्यात उजव्याचा वाटा ०.३० च्या वर गेला तर शंका उरत नाही. त्याउलट हृदयाभोवती आणि यकृतावर पांढरी साय आली असेल तर तो ई. कोलायचा संसर्ग आहे. पहिल्या आठवड्यात मेलेल्या पिल्लाच्या पोटात कुजका बलक असेल तर दोष हॅचरीचा किंवा वाहतुकीचा. या दोन प्रकारांत प्रोबायोटिकचा उपयोग मला जास्त अपेक्षित आहे. मरतूक कशाने होते हे न बघता पावडर लागू पडली की नाही हे ठरवताच येत नाही.

ते ठरवायचे असेल तर एकाच खेपेतली पिल्ले मधे जाळी लावून अर्धी-अर्धी करा. एका बाजूला पावडर, दुसरीकडे नाही. बुखारीपासूनचे अंतर, खाद्य, पाणी सगळे सारखे. मेलेले पक्षी, खाल्लेले खाद्य आणि आठवड्याचे वजन वहीत लिहा. शंभरांत एकीकडे दहा आणि दुसरीकडे सात मेले तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तीन-चार खेपांत फरक सतत एकाच बाजूने दिसला तर पावडर चालू ठेवा. नाही दिसला तर फक्त पहिल्या आठवड्यापुरती ठेवा आणि वाचलेले पैसे इंधनात घाला.

राहिले दही-ताक. घरच्या दह्यातले जंतू कोंबडीच्या आतड्यात मुक्काम करणारे नसतात, त्यामुळे ते प्रोबायोटिकची जागा घेणार नाही. त्यातल्या आम्लाचा थोडा फायदा होतो. पण कोंबडीला दुधातली साखर पचत नाही. जास्त दिले की पातळ हगवण लागते आणि लिटर खराब होते. लोणी काढलेले पातळ ताक आठवड्यातून एक-दोनदा, सकाळी, तासाभरात संपेल एवढे द्यायला हरकत नाही. भांडी मात्र लगेच धुवा. छांग (जवाची घरगुती दारू) गाळून उरलेला जवाचा चोथा वाळवून मोठ्या गावरान पक्ष्यांना थोडा चालतो. ब्रॉयलर पिल्लांना देऊ नका, त्यात तंतू फार असतात, आणि ओला राहिला तर बुरशी धरतो. बुरशीच्या विषाने यकृत बिघडले की पुन्हा पोटात पाणीच होते, आणि मग कारण शोधणे आणखी अवघड जाते.